टेकूसकट फोटो

रत्नागिरीहून पावसला जाणाऱ्या रस्त्याला असलेल्या एका बंद कॅनिंग फॅक्टरीच्या गोदामातला माळा गेल्या वर्षी मे महिन्यात, एका रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास कोसळला. माळ्यावर त्या वेळी कोणी नव्हतं. माळ्याखाली एक गृहस्थ होते. ते जागीच गेले. वय सत्तरच्या आसपास. बातमीत त्यांची ओळख ‘फॅक्टरीचे माजी कर्मचारी’ अशी गेली. ती बरोबर होती, पुरेशी नव्हती. ते डबे वाजवून पाहायचे.

आधी उजवा हात खिशात जाई. खिशातून बोटाएवढी जाड लोखंडी कांडी निघे. तिच्या टोकानं समोरच्या वस्तूवर एक हलका ठोका. मग मान एका बाजूला कलती, डोळे मिटलेले. आणि निकाल एका शब्दात.

“खणखणीत.”

किंवा, “बद्द.”

तिसरा शब्द त्यांच्याकडे नव्हता.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पेपरात नवी बातमीदार होते आणि फॅक्टरी चालू होती. आंब्याच्या हंगामावर बातमी करायला मला भाट्याच्या पुलापलीकडे पाठवलं होतं. पेटीत न जाणारा, डागी, लहान, अतिपिका आंबा कॅनिंगला जातो, हे मला माहीत होतं. त्याचा रस काढतात, डब्यात भरतात, डबा सील करून वाफेवर उकळतात, थंड करतात, हेही तिथल्या मॅनेजरनं सांगितलं. पुढचं त्यानं सांगितलं नाही. ते मी गोदामात पाहिलं.

डब्यांच्या माणूसभर उंच रांगा होत्या आणि त्यांच्यामधून एक किडकिडीत माणूस कांडीनं प्रत्येक डब्याच्या झाकणावर ठोका मारत चालला होता. टिण, टिण, टिण, टिण. मध्येच एक ठोका वेगळा पडला. मला तो वेगळा ऐकू आला नाही. तो थांबला म्हणून कळलं. त्यानं त्या डब्यावर खडूनं फुली मारली आणि पुढे गेला.

सील नीट बसलं असेल तर डब्यात हवा नसते, झाकण ताणलेलं असतं आणि ते वाजतं. कुठे केसाएवढी फट राहिली तर हवा शिरते, आवाज पडतो. असा डबा वेळेवर बाजूला काढला नाही तर आतला रस आंबतो, डबा फुगतो आणि एक दिवस फुटतो. तो एकटा फुटत नाही. त्याचा रस शेजारच्या वीस डब्यांवर उडतो, ते गंजतात, मग तेही जातात.

आंबे सोलणाऱ्या बायका त्यांना टिचकीमास्तर म्हणत. ते गोदामात शिरले की सगळ्यांनी गप्प बसायचं, असा त्यांचा नियम होता, आणि बायकांना तो अर्थातच मान्य नव्हता.

“मास्तर, माझ्या डोक्यावर मारून बघा की जरा, काय वाजतंय ते,” त्यांच्यातली एक जण म्हणाली.

“रिकाम्या डब्याला मी कांडी लावत नाय,” मास्तर मागे न बघता म्हणाले.

बायका हसल्या. मग गप्प बसल्या.

मला त्यांनी दोन डबे वाजवून दाखवले. मला दोन्ही सारखेच वाटले आणि मी तसं सांगितलं. ते मला ‘अहो बाई’ म्हणत होते. तिथून पुढे ‘बाय’ म्हणायला लागले. आमच्याकडे घरातल्या मुलीला म्हणतात तसं.

“बाय, सगळं सारखंच वाजतं असं ज्याला वाटतं ना, त्याला आम्ही गोदामात ठेवत नाय,” ते म्हणाले. “पेपरात चालत असंल.”

ही ओळ मी बातमीत घातली नाही.

फणस वाजवून घेणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. रत्नागिरीच्या बाजारात तो काही वेगळेपणा नाही. पण मास्तर फणसावर थांबत नसत. ते पाटावर ठेवलेलं मडकं वाजवत, बांधकामाला आणलेला जांभ्या दगडाचा चिरा वाजवत, एसटी स्टँडवरचं बाकडं वाजवून मग बसत. एकदा बाजारात त्यांनी एकामागून एक सात फणस वाजवले. विकणारी बाई बराच वेळ बघत होती.

“ओ बाबा, फणस घ्यायचाय की आत कोण हाय ते विचारताय?”

“तुझ्या सातांत दोन बद्द.”

“मग पाच न्या!”

त्यांनी एक नेला. तो मी त्यांच्या घरी खाल्ला. बरा होता.

त्यांचं घर फॅक्टरीपासून चालत दहा मिनिटांवर, कातळाच्या सड्याच्या कडेला. बातमीच्या निमित्तानं सुरू झालेलं जाणंयेणं पुढे तसंच राहिलं. त्या बाजूला काम असलं की मी डोकावत असे. त्यांच्या पत्नी चहा टाकत आणि प्रत्येक वेळी तीच तक्रार नव्यानं सांगत. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी यांनी माहेरून आलेला तांब्याचा हंडा सगळ्यांसमोर वाजवून बघितला होता.

“मग काय वाजला?” मी विचारायची.

“मला काय विचारता? त्यांना विचारा.”

“खणखणीत,” मास्तर म्हणायचे. “म्हणून तर टिकलं.”

हंडा की संसार, हे ते सांगत नसत.

एका डॉक्टरबद्दल त्यांना फार आदर होता. खोकला बरा होईना म्हणून गेले होते. डॉक्टरांनी छातीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटानं ठोके मारले. मास्तर खूश. “शिकलेला माणूस हाय,” असं त्यांनी घरी येऊन सांगितलं. तक्रार एकच होती. ठोके मारून झाल्यावर यांनी विचारलं होतं, काय वाजतंय? डॉक्टर म्हणाले, ठीक आहे.

“ठीक हा काय आवाज झाला?”

ते नेहमीच बरोबर नसत, हेही इथे नोंदवलं पाहिजे. मुलीसाठी लांज्याकडचं एक स्थळ आलं होतं. घर बघायला सगळे गेले. चहापोहे झाले, मुलाचे वडील घर दाखवायला निघाले आणि मास्तरांनी मागच्या पडवीची भिंत वाजवली. “बद्द हाय. पुढल्या पावसाला बघून घ्या,” त्यांनी होणाऱ्या व्याह्यांना सांगितलं. स्थळ मोडलं. मुलगी नंतर दुसरीकडे दिली, ती सुखात आहे. ती भिंत अजून उभी आहे. मी जाऊन पाहिली.

हे मी त्यांना सांगितलंही.

“असंल उभी,” ते म्हणाले. “वाजते बद्दच.”

फॅक्टरी बंद पडली. कारणं बरीच सांगितली जातात, त्यात इथे शिरत नाही. मालकांचं कुटुंब मुंबईला असतं. यंत्रं काढून नेली गेली, रस उकळायची मोठी भांडी गेली, पत्र्यांपैकीही काही गेले. गेटची एक बाजू बिजागरीतून सुटली आणि तशीच राहिली. गोदामात उरलं ते कोणाच्या उपयोगाचं नव्हतं: लेबलांचे गठ्ठे, मोडका वजनकाटा आणि माळ्यावर लाकडी खोक्यांमधले नापास डबे. फुलीवाले.

माळा सिमेंटचा होता. खाऱ्या हवेनं आतल्या सळ्या गंजून फुगल्या होत्या. फॅक्टरी चालू असतानाच मास्तरांनी माळ्याखालची तुळई वाजवून ती बद्द असल्याचं सांगितलं होतं. त्या वेळी मालकांनी ऐकलं आणि खालून लोखंडी पाइपांचे तीन टेकू दिले. फॅक्टरी बंद झाल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात ते पाइप चोरीला गेले.

मास्तरांच्या घरामागे गुरांचा गोठा होता. गुरं उरली नव्हती. त्यांनी गोठ्याचे ऐनाच्या लाकडाचे तीन खांब काढले, गाडीवानाला धरून फॅक्टरीत नेले आणि पाइपांच्या जागी उभे केले. खांब आणि तुळई यांच्यामध्ये लाकडाची पाचर, ती चिऱ्याच्या तुकड्यानं ठोकून घट्ट केलेली. तेव्हापासून रोज सकाळचा चहा झाला की ते फॅक्टरीत जात. तीनही टेकू वाजवत, तुळई वाजवत, सैल झालेली पाचर ठोकत आणि परत येत. पावसाळ्यात दोनदा जात.

“तुम्हाला तिथे ठेवलंय कोणी?” मी विचारलं होतं.

“ठेवायला कशाला पायजे?”

“मग जाता कशाला?”

ते कांडी पुसत होते. “गुरांकडची माणसं पावसात तिथं उभी ऱ्हातात. लाकडं गोळा करणाऱ्या बाया बसतात. मालकाला फोन केला, तो म्हणतो बघू. आता मला ऐकू आलंय ना, बाय. ज्याला ऐकू नाय आलं तो सुटला.”

त्यांचं म्हणणं एवढंच होतं. त्या माळ्याखाली किंवा माळ्यावर माणूस मरता कामा नये, आणि मेला तर तो दोष ज्यानं ऐकलं त्याचा.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी त्या फॅक्टरीचे फोटो काढायला गेले. रविवारच्या अंकासाठी बंद पडलेल्या कारखान्यांवर एक पान करायचं होतं. मजकूर माझा, फोटोही माझेच. आमच्या जिल्हा कार्यालयात वेगळा फोटोग्राफर नाही. मास्तर गेटपाशी उभे होते. आत शिरायच्या आधी त्यांनी मला उंबऱ्यावर थांबवलं, स्वतः आत गेले, वाजवलं आणि मग “ये” म्हणाले.

आत थंड होतं. आंबलेल्या रसाचा वास इतक्या वर्षांनीही होता. भिंतीतून पिंपळाची मुळी आत आली होती आणि वजनकाट्याच्या पारड्यात पोचली होती. माळ्यावरच्या खोक्यांत फुगलेल्या डब्यांची पोटं दिसत होती आणि काहींवर खडूच्या फुल्या अजून ओळखू येत होत्या. पत्रे गेले होते तिथून ऊन तिरकं येत होतं. ते माळ्याच्या जिन्यावर पडून खाली जमिनीवर उतरत होतं. फोटो तिथे होता. त्याच्या बरोबर मध्ये ऐनाचा खांब होता.

मी एक फ्रेम घेतली. तिच्यात मास्तर आहेत. एक हात खांबावर, मान कललेली. मग मी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, खाली बसून पाहिलं. खांब प्रत्येक वेळी उन्हाच्या मध्ये येत होता.

“मास्तर, हा मधला जरा काढता येईल?”

“नाय.”

“पाच मिनिटं. लगेच परत लावू.”

“बाय, तो काय पडदा हाय?”

“बाकीचे दोन आहेत ना?”

त्यांनी तुळईकडे पाहिलं. कांडी काढली, वाजवली, ऐकलं. परत वाजवलं. त्यांना माझं पेपरातलं काम आवडत असे. नाव छापून आलं की ते कापून ठेवत, हे मला त्यांच्या पत्नीनं सांगितलं होतं. मला नाही म्हणणं त्यांना जड जात होतं, हे मला दिसत होतं.

“पाच म्हंजे पाच,” ते म्हणाले.

चिऱ्याच्या तुकड्यानं त्यांनी पाचर सैल केली, खांब तिरपा करून बाहेर काढला आणि भिंतीला टेकवला. मग त्यांनी मला जिन्यापासून लांब, दाराच्या बाजूला उभं केलं. स्वतः मात्र माळ्याच्या कडेला, फ्रेमच्या जरा बाहेर उभे राहिले. उजव्या हाताचा पंजा तुळईवर सपाट ठेवलेला. तुळई त्या पंजानं थांबणार नव्हती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. हात ऐकण्यासाठी होता.

मी फोटो काढायला लागले. ऊन सरकत होतं आणि प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमपेक्षा चांगली येत होती. वरून बारीक वाळू सांडल्यासारखा आवाज आला. उन्हाच्या पट्ट्यात धूळ उतरली. धुळीनं तो पट्टा अधिक स्पष्ट झाला. मी आणखी दोन फ्रेम घेतल्या.

“बाय, आटप.”

“झालंच.”

माळ्यावर एक डबा फुटला. आवाज मोठा नव्हता, फटाक्याच्या पिशवीतला एखादा फटाका फुसका जावा तेवढा. मी दचकले. मास्तर हलले नाहीत. त्यांचे डोळे मिटलेले होते.

“आटप, बाय.”

“एक मिनिट, मास्तर.”

‘एक मिनिट’ मी किती वेळा म्हणाले ते मला आठवत नाही. मी तीनदा म्हटलं, असं मास्तर नंतर म्हणाले. कॅमेरा प्रत्येक फ्रेमची वेळ नोंदवतो. खांब काढल्यानंतरची पहिली फ्रेम नऊ बेचाळीसची आहे. शेवटची नऊ एक्कावन्नची. या दोन धरून अकरा फ्रेम आहेत.

खांब परत बसवायला त्यांना वेळ लागला. काढताना तो सहज निघाला होता. बसवताना आत जाईना. तुळई थोडी खाली आली असणार. त्यांनी पाचर पातळ तासली आणि ठोकली. मग वाजवलं. निकाल सांगितला नाही. मी विचारला नाही.

बाहेर उन्हात आल्यावर त्यांनी शर्टाच्या बाहीनं मान पुसली.

“लिहिशील ना, टेकू हाय म्हणून? आणि आत कोणी जाऊ नका म्हणून?”

“लिहिते.”

मी लिहिलंही. फोटोखाली पाच ओळी लिहिल्या. फॅक्टरी, हंगाम, बायका, ऊन. शेवटची ओळ अशी होती: ‘माळ्याला लाकडी टेकू दिलेले आहेत, फोटोसाठी मधला काढला होता, आत जाणे धोक्याचे आहे.’ ती शेवटी ठेवली, कारण तिनं शेवट चांगला होत होता.

पेपरात मजकूर जास्त झाला तर खालून कापतात. म्हणूनच महत्त्वाचं वर लिहायचं असतं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि मी ते बऱ्याच जणांना शिकवलं आहे. त्या शनिवारी संध्याकाळी एक जाहिरात ठरल्यापेक्षा मोठी आली. पान मीच लावत होते. फोटो लहान करायचा की ओळ काढायची, एवढाच प्रश्न होता. मी ओळ काढली.

फोटो लोकांना आवडला. तो फोनवरून फिरला. दुसऱ्या आठवड्यापासून फॅक्टरीत माणसं यायला लागली. आधी कॉलेजची मुलं, मग लग्नाआधी फोटो काढून घेणारी जोडपी. मास्तर त्यांना गेटवरून परत पाठवत. काही जात. काही ‘मामा, दोनच मिनिटं’ म्हणत. एका मुलीला त्यांची कांडी इतकी आवडली की ती हातात धरून तिनं फोटो काढून घेतला.

मार्चच्या सुरुवातीला ते आमच्या कार्यालयात आले. पेपराचं ते पान चार घड्या घालून खिशात होतं. माझ्या टेबलासमोर बसायच्या आधी त्यांनी खुर्ची वाजवली, मग टेबल. माझा सहकारी हसायला लागला.

“काय मास्तर, टेबल कसं आहे आमचं?”

“भुसा दाबून केलेलं हाय. त्याला काय आवाज असणार?”

मग त्यांनी पान उलगडून माझ्यासमोर ठेवलं आणि फोटोच्या मध्यावर बोट ठेवलं.

“बाय, टेकू कुठं गेला?”

मी जाहिरातीचं सांगितलं, ओळींचं सांगितलं. खालून कापतात, हेही सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“म्हंजे जे खाली असतं ते काढलं तरी चालतं,” ते म्हणाले.

“पेपरात चालतं.”

“माळ्याला नाय चालत.”

ते रागावले नव्हते. आवाज चढलेला नव्हता. खुलासा छापा, असं त्यांनी म्हटलं. मी मुख्य कार्यालयात विचारलं. फोटोत चूक काय आहे, असा प्रश्न आला. चूक काही नव्हती. जे समोर होतं तेच फोटोत होतं. मी जास्त ताणलं नाही.

“मग असं कर,” मास्तर म्हणाले. “परत ये. टेकूसकट काढ. तो छाप. लोकांना दिसूं दे की हिथं लाकूड लावून ठेवलंय, जायची जागा नाय.”

“येते.”

“कधी?”

“शिमगा झाला की.”

शिमगा झाला. पालख्या देवळात गेल्या. त्यानंतर त्यांचा एकदा फोन आला, मी तालुक्याच्या एका बैठकीत होते. मग आंब्याचा हंगाम लागला आणि बातम्या वाढल्या. एप्रिलमध्ये दोनदा मी त्या रस्त्यानं गेले. एकदा घाईत होते. दुसऱ्यांदा घाईत नव्हते. उजेड चांगला नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते.

मे महिन्यातल्या त्या रविवारचं मी पाहिलेलं नाही. जे पुढे आहे ते जबाबांतून आणि पंचनाम्यातून आलेलं आहे.

मास्तर रोज आठच्या आत फॅक्टरीत असत. त्या दिवशी शेजारच्या बागेत आंबा उतरवला होता आणि पेट्या भरायला माणूस कमी होतं, म्हणून ते तिकडे गेले. फॅक्टरीत ते सव्वादहाच्या सुमारास पोचले. आत तिघं होती: लग्न ठरलेलं एक जोडपं आणि त्यांचा फोटोग्राफर. जोडपं माळ्यावर, जिन्याच्या तोंडाशी उभं होतं. मधला टेकू भिंतीला लावून ठेवलेला होता.

मुलीचा जबाब सविस्तर आहे. ती म्हणते, दारात एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी आत येऊन काहीतरी लोखंडी वस्तू तुळईवर एकदा मारली. ते ओरडले नाहीत. ते म्हणाले, “बाय, खाली ये. हळू. आधी तू, मग तो.” तिला भीती त्यांच्या शब्दांची वाटली नाही, त्यांनी डोळे मिटलेले होते त्याची वाटली. दोघं उतरले. गृहस्थांनी तिघांना बाहेर अंगणात जायला सांगितलं.

फोटोग्राफर म्हणतो, खांब उचलायला मी हात लावतो असं मी म्हणालो. त्यांनी नको म्हटलं. “भायेर थांबा,” एवढंच म्हणाले. मुलाचा जबाब याच्याशी जुळतो. आत खांब ओढल्याचा आवाज तिघांनीही ऐकला. मग काही वेळ काहीच ऐकू आलं नाही. हा वेळ मुलगी एक मिनिट सांगते, मुलगा तीन-चार मिनिटं. त्यानंतर माळा खाली आला.

बातमी मी लिहिली. आत जाणे धोक्याचे आहे, हे पहिल्या ओळीत होतं. फोटो हवा होता. घरी त्यांचा एकट्याचा फोटो नव्हता. मी फेब्रुवारीतली पहिली फ्रेम दिली, एक हात खांबावर, मान कललेली. दहाव्या दिवसानंतर मी घरी गेले. त्यांच्या पत्नीनं चहा टाकला. हंड्याची गोष्ट त्यांनी सांगितली नाही. तो फोटो मोठा करून मिळेल का, असं विचारलं.

“खांब कापू नका त्यातला,” त्या म्हणाल्या. “आमच्या गोठ्याचा हाय.”

पोलिसांनी माझ्याकडून बाराही फ्रेम मागून घेतल्या. माझा जबाबही झाला. खांब काढायला कोणी सांगितलं होतं, किती वेळ काढला होता, ओळ कोणी काढली, हे सगळं त्यात आहे.

फोटोग्राफरला विचारण्यात आलं की टेकू का हलवला. त्यानं सांगितलं की जोडप्याला पेपरात आला होता तसाच फोटो हवा होता. त्याच्या फोनमध्ये तो फोटो होता. त्यात टेकू नव्हता.

पंचनामा त्याच दिवशी दुपारी झाला. मधला टेकू उभा सापडला. त्याच्या डोक्यावर तुळईचा हातभर तुकडा होता. पाचर बसवलेली नव्हती. ती त्यांच्या डाव्या हातात होती. ती ठोकायचा चिऱ्याचा तुकडा दाराजवळ होता, उचललेला नव्हता. उजव्या हातात कांडी होती.